मुलांच्या खेळाचा खर्च: पहिली फी भरायच्या आधी एवढं करून घ्या

एप्रिल उजाडला की आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न सुरू होतात, मुलाला क्रिकेटला घालू की बॅडमिंटनला, आणि फी किती. फी किती ह्याचं उत्तर दोन मिनिटांत येतं पण ते अर्धंच उत्तर असतं. माझी मोठी आता नववीत आहे, सात वर्षं बॅडमिंटन खेळतेय, धाकटा सहावीत, त्याचं क्रिकेटचं तिसरं वर्ष. पहिली काही वर्षं मी काहीच लिहून ठेवलं नाही, पगार येत होता आणि जात होता, मग एका मार्चमध्ये घरात जोरात वाद झाला की पैसे जातात कुठं, तेव्हापासून शंभर पानी वही घातली. वर्षाअखेर मोठीची बेरीज केली तर १ लाख १३ हजार दोनशे रुपये, आणि त्यात फी फक्त ३० हजार. म्हणजे रुपयातले चार आणे आणि वर थोडंसं. बाकी बारा आण्यांबद्दल आम्हाला आधी कुणी काही बोललंच नव्हतं.

तो हिशोब आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. फी महिना २,५०० प्रमाणे ३० हजार. शटलची वर्गणी महिना १,२०० म्हणजे १४,४००. गटिंग, म्हणजे रॅकेटची तार नव्यानं ओवून घेणं, वर्षात दहा वेळा, साडेचारशेनं, ४,५००. शूज दोन जोड ७ हजार, रॅकेट एक ४,५००. आठ स्पर्धांची एन्ट्री फी ५,६००. त्यातल्या पाच बाहेरगावी, प्रवास राहणं खाणं धरून २५ हजार. पाय मुरगळला त्याचे फिजिओचे ३ हजार. आणि पेट्रोल १९,२००. हो, पेट्रोल. हॉल घरापासून सात किलोमीटर, सोडायला जा, परत या, पुन्हा आणायला जा, परत या, असे रोजचे अठ्ठावीस किलोमीटर, महिन्यातले पंचवीस दिवस, स्कूटीसुद्धा सोळाशे रुपये पिते, आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला जो वेळ जातो त्याचा तर हिशोबच नाही.

म्हणून पहिलं काम, अॅकॅडमी बघायला जाल तेव्हा फीचा कागद बाजूला ठेवा आणि सरांना हे विचारा: शटल किंवा बॉल फीमध्ये आहेत का वेगळे, एका कोर्टवर किंवा एका नेटला किती मुलं असतात, ड्रेस कंपल्सरी आहे का आणि तुमच्याकडूनच घ्यायचा का, ह्या बॅचच्या मुलांनी मागच्या वर्षी किती स्पर्धा खेळल्या आणि त्यातल्या किती नाशिकच्या बाहेर होत्या, मूल आजारी पडलं तर फी पुढं सरकते का बुडते. चांगले सर हे प्रश्न विचारल्यावर चिडत नाहीत, उलट बसवून सांगतात. मग बॅच सुटताना गेटवर उभं राहून दोन आयांना हेच विचारा, खरा आकडा तिथं मिळतो. एका कोर्टवर आठच्या वर मुलं असतील तर तासातला बराचसा वेळ मूल रांगेत उभं असतं, मग फी कमी असली तरी ती महागच पडते. आणि पहिल्याच दिवशी वर्षाची फी एकदम भरली तर डिस्काउंट, असं सगळीकडे सांगतात, मोह होतो, पण भरू नका. पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला द्या. आम्ही धाकट्याची स्केटिंगची वर्षाची फी भरली होती आणि दिवाळीनंतर तो जायलाच तयार नव्हता, पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्या पैशांपायी आम्ही त्याला पुढचे दोन महिने रडत रडत पाठवलं, ते जास्त वाईट झालं.

आता सामान. इथं जास्तीत जास्त पालक फसतात, आणि दुकानदारापेक्षा आपल्या हौसेपायीच फसतात. धाकट्याला नऊ वर्षांचा असताना मामानं वाढदिवसाला नऊ हजारांची इंग्लिश विलोची (महागडं लाकूड असतं ते) बॅट घेऊन दिली, दोन साइझ मोठी, वाढत्या अंगाचा आहे म्हणून. त्याला ती उचलवेना, बॅकलिफ्टच, म्हणजे बॅट मागं उचलायची पद्धतच, बिघडली, सर म्हणाले ताई ही घरी ठेवा, आणि तो मापाला येईपर्यंत बॅट पडून पडून वाळली. शाळेचे कपडे मोठे घेतले तर चालतात, बॅट नाही चालत. बॅट पायाशी उभी धरली की मुठीचं टोक साधारण कमरेपर्यंत यावं आणि मुलाला ती वरच्या एका हातानं नीट फिरवता आली पाहिजे. बारा वर्षांपर्यंत काश्मीर विलो, म्हणजे आपल्याकडच्या स्वस्त लाकडाची बॅट, पुरते, दोन ते तीन हजारांत चांगली मिळते. घेतल्यावर जवसाचं तेल अगदी पातळ लावून, एक दिवस आडवी ठेवून, मग जुन्या सीझन बॉलनं (लेदरचा कडक बॉल) किंवा लाकडी हातोडीनं हळूहळू नॉक करायची, म्हणजे ठोकून ठोकून तयार करायची, घाई केली तर पहिल्याच महिन्यात कड तुटते. हे काम पालकांनी स्वतः करावं, दुकानात करून देतात पण तिथं मशीनवर पाच मिनिटांत उरकतात. बॉलचंही विचारून घ्या, मोठ्यांचा सीझन बॉल १५६ ग्रॅमच्या वर असतो, तेरा वर्षांखालच्यांसाठी त्याहून हलका मिळतो, लहान मुलांच्या बोटांना आणि खांद्याला तोच बरा.

पॅड, किटबॅग, थाय पॅड हे सगळं वापरलेलं घेतलं तरी चालतं, मोठ्या बॅचच्या मुलांना विचारा, दर जूनला कुणाचं ना कुणाचं लहान झालेलं असतं. पण हेल्मेट नवंच घ्यायचं, मापाचं घ्यायचं, आणि त्यावर जोरात बॉल बसला की बदलायचं, बाहेरून काही दिसत नसलं तरी. एल-गार्ड, म्हणजे जांघेत घालायचा गार्ड, तोसुद्धा स्वतःचा. ह्या दोन गोष्टींत पैसे वाचवायचे नाहीत, दुसरीकडे कुठंही वाचवा.

बॅडमिंटनला रॅकेट हा मोठा खर्च वाटतो पण खरा खड्डा शटलचा आहे. पिसांच्या शटलला सोळा पिसं असतात, बदकाची किंवा हंसाची, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचे भाव इतके चढलेत की डझनाच्या डब्याला दीड-दोन हजार आणि चांगल्या कंपनीचे त्याहून जास्त लागतात. दहा-अकरा वर्षांपर्यंत सरावाला नायलॉनचं शटल पुरतं, तेवढं सरांशी स्पष्ट बोला. पिसांचं वापरायची वेळ आली की एक करा, आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी असते आणि पिसं कडकड तुटतात, तर आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढून पातेल्याच्या वाफेवर पाच-सात सेकंद धरायचं आणि झाकण लावून ठेवून द्यायचं. आमच्या बॅचच्या चार आया आळीपाळीनं हे करतो, आणि उन्हाळ्यात शटलचा खर्च खरंच कमी झाला. डबे पण आम्ही मिळून पेटीच्या भावानं घेतो. गटिंगचा जुना हिशोब असा की आठवड्यात जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात, लहान मुलांना वीस-बावीस पाउंडच्या वर ताण लागत नाही, जास्त ताणलं की तार लवकर तुटते आणि कोपर दुखतो. शूज मात्र नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणाऱ्या तळव्याचे, आणि मापाचेच, रस्त्यावर घालून फिरायचे नाहीत, हॉलमध्ये गेल्यावर घालायचे, जोड तीन-चार महिने तरी जास्त टिकतो.

ह्या पुढचा भाग नीट वाचा, कारण इथं हजारांचा खर्च एका फोनवर होतो. मूल जरा बरं खेळायला लागलं की एक दिवस निरोप येतो, तुमच्या मुलाचं नॅशनलला सिलेक्शन झालं, गोव्याला किंवा आग्र्याला, अठरा हजार भरा, आणि त्यानंतर इंटरनॅशनल, नेपाळला. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं असंच झालं. आईनं गळ्यातलं मोडायची तयारी केली होती. स्पर्धा झाली, मेडल आलं, फोटो लागले, आणि नंतर शाळेनं सांगितलं की ह्या सर्टिफिकेटचा दहावीला खेळाडूंना जे सवलतीचे गुण मिळतात त्याला काही उपयोग नाही कारण ती संघटना मान्यताप्राप्तच नव्हती. मुलीचा काय दोष, ती मनापासून खेळली होती. तर असा निरोप आला की पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या. ही स्पर्धा कोणत्या राष्ट्रीय महासंघाची आणि त्याला केंद्र सरकारची मान्यता आहे का. इथं येण्यासाठी जिल्ह्याची, राज्याची निवड चाचणी कधी झाली, निकाल कुठं लागला. आणि पैसे कुणाच्या खात्यात, संघटनेच्या का सरांच्या. निवड चाचणीच झाली नसेल तर ते सिलेक्शन नाही, ती सहल आहे, सहल म्हणून जायचं तर खुशाल जा. शंका असेल तर पंचवटीत हिरावाडीला विभागीय क्रीडा संकुल आहे, तिथं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर नको, कागद घेऊन समक्ष जा.

ह्याच्या उलट जी स्पर्धा जवळजवळ फुकट आहे ती पालकांच्या लक्षातच राहत नाही, ती म्हणजे शालेय क्रीडा स्पर्धा. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात, शहरातल्या शाळा नाशिक महापालिकेच्या गटातून खेळतात आणि बाकी तालुके जिल्ह्यातून, तिथून पुढं विभाग, म्हणजे आपल्याबरोबर धुळे, नंदुरबार, जळगाव, मग राज्य, मग राष्ट्रीय. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण मिळवायला हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, आणि पुढं मूल वरच्या पातळीवर गेलं तर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना जे ५ टक्के आरक्षण आहे त्यालाही मान्यताप्राप्त स्पर्धेचीच सर्टिफिकेटं लागतात. पण नाव शाळेनं ऑनलाइन भरावं लागतं, आणि तारीख चुकली की वर्ष गेलं. जून उघडला की पहिल्या पंधरवड्यात शाळेच्या पीटीच्या सरांना जाऊन भेटा, मूल बाहेर अॅकॅडमीत खेळतं हे त्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं. एका फाइलमध्ये जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, फोटो कायम तयार ठेवा. आणि तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आजच बघा, आमच्याकडे आधारवर एक अक्षर चुकलं होतं तर दुरुस्तीला तीन चकरा झाल्या.

जन्मतारखेवरून आठवलं, वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांची बीसीसीआय हाताच्या हाडाचा एक्स-रे काढून वय तपासते, टीडब्ल्यूथ्री म्हणतात त्याला. कागदावरचं वय काहीही असो, हाड खरं सांगतं, आणि इतक्या वर्षांचा सगळा खर्च एका दिवसात पाण्यात जातो.

प्रवासाचं. नाशिकचं क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतं, म्हणजे मूल जिल्ह्यातून वर गेलं की पुण्याच्या चकरा आल्याच, बॅडमिंटनची मुलं गावोगाव फिरतात. तर एसटीचा पुरेपूर उपयोग करा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मुलींनाही, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं आहेच, म्हणजे मी आणि लेक जळगावला एका तिकिटात जाऊन येतो. गाडी करून चार कुटुंबांनी जायचं ठरलं तर डिझेल-टोल आधी ठरवून घ्या, नंतर मागायला कसंतरी होतं. राहायला आधी नातेवाईक, मग धर्मशाळा किंवा भक्तनिवास, मग लॉज. जेवण घरून, पहिल्या दिवसाचं तरी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते आणि मॅचच्या आधी पोटाला त्रास नाही. मुंबईची स्पर्धा असेल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठली की मुक्काम वाचतो, फक्त पहिली मॅच किती वाजता आहे ते आदल्या रात्री ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या तक्त्यात, बघून ठरवा. आणि किती स्पर्धा खेळायच्या हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. आम्ही आता वर्षाला पाच म्हणतो, त्यातल्या दोनच बाहेरच्या. सरांना वाईट वाटलं, पण पहिल्याच फेरीत हरायला दोनशे किलोमीटर जाण्यापेक्षा त्या दिवशी हॉलवर सराव झालेला बरा, हे त्यांनाही पटलं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल खेळ म्हणजे पैसेवाल्यांचं काम. माझे सासरेही म्हणायचे. मी त्यांना आपल्याच जिल्ह्यातली नावं सांगते. कविता राऊत सावरपाड्याची, आदिवासी पाड्यावरची मुलगी, २०१० च्या दिल्लीच्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियन गेम्सला सिल्व्हर. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, रोइंग, म्हणजे होडी वल्हवायची शर्यत, शिकला तेच मुळी सैन्यात भरती झाल्यावर, आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला गेला. पळायला मैदान आणि शूज लागतात, आणि सकाळी सहा वाजता उठवणारं कुणीतरी. खो-खो, कबड्डी, अॅथलेटिक्स ह्यात महिन्याचा खर्च अजूनही हजाराच्या आत बसतो. पोहणंही महापालिकेच्या तलावावर खासगी क्लबपेक्षा खूप स्वस्तात होतं, फक्त उन्हाळ्याच्या बॅचा पटापट भरतात, मार्चपासून लक्ष ठेवा. बुद्धिबळ स्वस्त दिसतं, पट आणि घड्याळ झालं की संपलं असं वाटतं, पण ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचा म्हणून इथं बुद्धिबळाला गर्दी आहे आणि रेटिंगच्या, म्हणजे स्पर्धा खेळून मिळणाऱ्या गुणांकाच्या, मागे लागलं की महिन्याला एक स्पर्धा, चार-पाच दिवस बाहेर, पालक बरोबर, असा तो खर्च बॅडमिंटनच्याही पुढं जातो. आणि मूल खरंच वेगळं चमकत असेल तर सरकारी वाटा आधी बघा, क्रीडा प्रबोधिनीत राहणं, जेवण, प्रशिक्षण सरकार करतं, लहान वयातच चाचण्या घेऊन निवडतात. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर हातखर्चाला महिन्याला १० हजार मिळतात. ते सगळ्यांच्या वाट्याला येणार नाही, पण चाचणी द्यायला काय जातं. एक लहानसं, अॅकॅडमीची फी आयकराच्या सवलतीत धरता येत नाही, फीमध्ये तिथं फक्त शाळा-कॉलेजची ट्यूशन फी चालते, सीएकडे पावत्या घेऊन जाऊ नका.

आता घरातलं बोलते, हे हिशोबापेक्षा अवघड आहे. वर्षाचा आकडा दोघांनी बसून ठरवा, पगारातून घरभाडं किंवा हप्ता, शाळा, दवाखाना, शिल्लक हे सगळं गेल्यावर जे उरतं त्यातूनच, आणि दोन्ही मुलांचं धरून. एकाच्या खेळासाठी दुसऱ्याची चित्रकला बंद झाली तर ते मूल विसरत नाही. सोनं मोडून, कर्ज काढून शाळकरी वयातला खेळ करू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. आणि मुलांना आकडा सांगा पण ऐकवू नका. दोन वर्षांपूर्वी जळगावहून परत येताना, पहिल्याच फेरीत हरली म्हणून, मी एसटीत मोठीला म्हणाले, किती पैसे घालवले ह्या एका मॅचसाठी माहितीये का तुला. ती काही बोलली नाही. त्यानंतर चार महिने तिनं शूज फाटलेत हे सांगितलंच नाही. तळव्याला भोक पडलेल्या शूजवर खेळत राहिली, एक दिवस पाय घसरला आणि घोटा मुरगळला, ते फिजिओचे तीन हजार वर लिहिलेत ना, ते हे. साडेतीन हजारांचे शूज मागायला ती घाबरली, माझ्या एका वाक्यामुळं. मी तिची माफी मागितली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं मिळून किटबॅग उपसतो, काय फाटलं, काय लहान झालं, काय पुढच्या महिन्यावर ढकलता येईल ते तीच वहीत लिहिते. तिला आता शटलचा भाव माझ्याआधी कळतो.

पुढच्या वर्षी तिची दहावी. दहावी आली की बरेच जण खेळ एकदम बंद करतात आणि नंतर ती मुलं परत येत नाहीत, म्हणून मी आत्ताच सरांशी बोलून घेतलंय, आठवड्यात तीन दिवस, फी निम्मी, महिन्याच्या महिन्याला, फेब्रुवारी-मार्च सुट्टी आणि त्याचे पैसे नाहीत. सर आधी म्हणाले असं आमच्याकडे चालत नाही. मग बॅचमधल्या दहावीच्या पाच जणांच्या आया मिळून गेलो, तेव्हा चाललं.